तिथीची पाऊणपट
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. मी अकरा वर्षांचा असताना त्यांची बदली रत्नागिरीस झाली, आणि त्यामुळे घाटावर वाढलेल्या मला समुद्र प्रथम दिसला तो भाट्याच्या खाडीच्या मुखाशी, जेथे काजळी नदी आपला सारा गाळ सागराच्या स्वाधीन करते, एका अंगास सुरूचे बन उभे असते आणि दुसऱ्या अंगास राजिवड्याच्या होड्या ओढलेल्या असतात. पौषी पौर्णिमेच्या सकाळी सातच्या सुमारास मी तेथे गेलो, तेव्हा ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर तुतवार, चिखले, बगळे आणि कुरव अशा शेकडो पाखरांचा नुसता बाजार भरला होता. तो देखावा धाकट्या बहिणीस दाखवावा म्हणून आठ दिवसांनी, त्याच वेळी, तिला मोठ्या हौसेने घेऊन गेलो, तो चिखलही नाही आणि पाखरूही नाही; जिकडे तिकडे संथ पाणी. बहीण हिरमुसली. जवळच एक वृद्ध खारवी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठाशीत बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, “आज तिथी कोणती?”

अष्टमी होती. त्याने मला जे गणित शिकविले ते कोकणात घरोघर ठाऊक आहे, पण मला ते तोवर कोणी सांगितले नव्हते. तिथीची पाऊणपट करावी, आणि जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण झाली असे समजावे. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि सायंकाळी सहाला खाडी भरलेली, आणि दुपारी बाराला चिखल उघडा. पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास भरती, म्हणून पहाटे ओहोटी. चंद्र आकाशात रोज सुमारे ५० मिनिटे मागे पडतो आणि समुद्राचे पाणीही त्याच्या मागोमाग ढळते. तिथीची पाऊणपट हा त्याच ज्योतिषाचा घरगुती अवतार होय.

पक्षी पाहावयाचे तर पहाटे उठावे, असा उपदेश आपल्याकडे सर्रास केला जातो. रानात तो योग्यच आहे. परंतु किनाऱ्यावरील पाखरांचा दिवस सूर्याने उगवत नाही, तो पाण्याने उगवतो. मध्यरात्री ओहोटी आली तर ती मध्यरात्री चरतात, आणि भर दुपारी भरती असेल तर भर दुपारी डोळे मिटून एका पायावर उभी राहतात. हे एकदा उमगल्यावर मी पंचांग जवळ बाळगू लागलो, आणि गेली पन्नास वर्षे ते माझ्या दुर्बिणीच्या पिशवीत आहे.

त्या पंचांगाच्या जोरावर मला कोरल दिसला. कोंबडीएवढा, मातकट ठिपक्यांचा हा पक्षी. त्याची चोच पाच-सहा इंच लांब आणि विळ्यासारखी खाली वळलेली. पालथ्या होडीआड पोटावर पडून मी त्याला वीस पावलांवरून पाहिले आहे. तो चार पावले चालतो, थांबतो, आणि चोच मुळापर्यंत चिखलात घालतो. आत काय आहे हे त्याला दिसत नाही. टोकाशी असलेल्या संवेदनेने तो चाचपतो, आणि सबंध चोच न उघडता केवळ तिचे टोक उघडून भक्ष्य पकडतो. एकदा त्याने असाच एक खेकडा बाहेर काढला, झटके देऊन त्याचे पाय गळावयास लावले, उरलेले अंग गिळले, आणि नंतर चोच पाण्यात स्वच्छ खळबळून घेतली. ती चोच विसळण्याची क्रिया इतकी सावकाश चालली होती की मी श्वास रोखून धरला होता.

एक अपराध मात्र कबूल केला पाहिजे. समुद्र प्रथम पाहिला त्याच वर्षी फाल्गुनात, ऐन भरतीच्या वेळी, मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर दाटीने विसावलेला कुरवांचा थवा जवळून पाहावा म्हणून मी सरळ त्याच्या अंगावर चालून गेलो. थवा उडाला, फिरून बसला. मी पुन्हा गेलो. असे तीनदा झाले. त्या खारव्याने मला हाक मारून बोलाविले आणि एवढेच सांगितले की, त्यांना लांब जावयाचे आहे. किती लांब, ते मला पुढे कळले. आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवांची वीण लडाख-तिबेटच्या सरोवरांवर होते. त्सो मोरीरी हे त्यांपैकीच एक, समुद्रसपाटीपासून सुमारे १५,००० फूट उंच. हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे असते, कानाजवळ काय तो एक काळसर ठिपका. निघण्याचे दिवस जवळ आले की त्यावर तपकिरी टोपडे चढते. त्या टोपड्याच्या दिवसांत पाखरे अंगावर मेद साठवीत असतात, आणि अकारण घेतलेली प्रत्येक भरारी त्या शिलकेतून वजा होते. आज भरतीच्या वेळी त्याच वाळूवर मोटारी धावताना पाहतो, तेव्हा मला त्या तीन भराऱ्या आठवतात. चिखल बुडाल्यावर पाखरांना टेकावयास तेवढाच दांडा उरतो. ते दोन-तीन तास तो त्यांच्याकडे राहू द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाखरांच्या अंगावर चालून न जाता, एका जागी बसूनही त्यांचे पुष्कळ कळते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणींचा अभ्यास केला, आणि एकच नर एकामागून एक घरटी विणून निरनिराळ्या माद्यांशी संसार मांडतो हे उघडकीस आणले. त्यासाठी ते कोठे दूर गेले नाहीत. घराजवळच्या घरट्यांपाशी दिवसामागून दिवस बसून राहिले. समुद्रकाठी बसणाऱ्या मला तो फार मोठा आधार वाटतो.

आज वैशाख शुद्ध चतुर्थी. पाऊणपट तीन. दुपारी तीनला भाट्याची खाडी भरली असेल, आणि आता सात वाजत आले आहेत, तेव्हा चिखल उघडा पडू लागला असेल. बहुतेक पाखरे उत्तरेस गेली. परंतु पहिल्या वर्षाची काही कोवळी पाखरे त्या प्रवासास न निघता उन्हाळाभर येथेच राहतात. त्यांपैकी एखाददुसरा कोरल या क्षणी उतरत्या पाण्याच्या काठाकाठाने चालत असेल.