आपल्या घरचें लिहा
(विद्यार्थ्यांपुढें केलेलें भाषण)

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आणि त्यांना शाळेंत पाठविणाऱ्या मायबापहो,

शाळेनें यंदा तुम्हांला एक मोठें काम दिलें आहे. तीन महिन्यांत स्वतःच्या मनानें एक लांब गोष्ट, नाटक किंवा कवितांची वही लिहून द्यावयाची आहे. हें ऐकून कित्येकांच्या पोटांत गोळा आला असेल. आपल्या घरांत कोणी लेखक झाला नाहीं, आपण काय लिहिणार, असें वाटत असेल. ह्या भीतीचें उत्तर एका मुलीनें फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे, तें आधीं ऐका.

मुक्ताबाई साळवे ही मांग जातींतील मुलगी पुण्यास जोतीराव फुले ह्यांच्या शाळेंत शिकली. चौदा वर्षांच्या ह्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला व तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हां डोक्यावर छप्पर नसतें, थंडीपावसांत त्यांचे काय हाल होतात, हें तिनें लिहिलें. जें पाहिलें, जें ऐकलें, तेंच तिनें सांगितलें. म्हणून एकशें सत्तर वर्षांनंतरही तो निबंध लोक वाचतात.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, विषय शोधण्यास लांब जाऊं नका. शेतकरी जगाचा पोशिंदा आहे, हें वाक्य हजार वह्यांत आहे; त्यानें कोणाचें मन हालत नाहीं. कांद्याचा भाव पडला त्या दिवशीं बाप बाजारांतून घरीं आला, तेव्हां तो काय बोलला, कोठें बसला, आईनें ताट वाढलें तें त्यानें पुढें ओढलें कीं नाहीं, हें लिहा. हें दुसऱ्या कोणास लिहितां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट शब्दांची. आम्ही शाळेंत असतांना निबंधांत घरचा एक शब्द लिहिला, तो मास्तरांनीं तांबड्या शाईनें खोडला आणि वर्ग हंसला. त्या दिवसापासून कित्येक वर्षें आम्हीं आईची बोली कागदावर येऊं दिली नाहीं. तो आमचा तोटा झाला. बहिणाबाई चौधरी ह्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत, घरांत काम करतांना त्यांनीं खानदेशच्या बोलींत रचलेलीं गाणीं घरच्यांनीं उतरून घेतलीं आणि १९५२ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. आज तीं शाळेच्या पुस्तकांत आहेत. म्हणून तिफण, वखर, रंधा, पटाशी, रापी, आरी, भाता, ऐरण हे शब्द लाजून टाकूं नका. ज्याचें हत्यार त्यालाच त्याचें नांव विचारा आणि वहींत टिपून ठेवा.

तिसरी गोष्ट वेळेची. वाफसा आल्याशिवाय पेरूं नये, आणि वाफसा आला असतां बसूं नये. पहिला महिना विचारपूस करण्यांत व टिपणें करण्यांत घालवा. दुसऱ्या महिन्यांत रोज एक पान लिहा. बरें वाईट पाहूं नका. तिसरा महिना निंदणीचा. लिहिलेलें आजीला, भावाला मोठ्यानें वाचून दाखवा. ती जेथें जांभई देईल तेथें खोडा, जेथें "पुढें काय झालें?" असें विचारील तेथें वाढवा.

चौथी गोष्ट प्रामाणिकपणाची. मार्गदर्शकांतून निबंध उतरवितां येतो, आणि आतां तर फोनही क्षणांत गोष्ट लिहून देतो. परंतु दुसऱ्याच्या बैलानें आपली तालीम होत नाहीं. गुण मिळतील, पण लिहिणारा हात तसाच कच्चा राहील. आपल्या समाजाविषयीं आजवर दुसऱ्यांनींच पुष्कळ लिहिलें. आतां लेखणी आपल्या हातीं आली असतां ती परत दुसऱ्याच्या हातीं कां द्यावी?

मात्र एक सांभाळा. घरांतील किंवा शेजारच्या माणसाचें दुःख लिहावयाचें तर त्याला विचारा. नको म्हणाला तर नांव, गांव बदला किंवा तें सोडा. दुसऱ्याची अब्रू आपल्या गुणांसाठीं खर्चूं नये.

मायबापहो, आपणांसही एक विनंती आहे. पोरगी लिहीत बसली म्हणजे ती रिकामी बसली असें समजूं नका. तिला रोज एक तास द्या. त्या तासांत भांडीं, गुरें, धाकटें मूल दुसऱ्यानें पाहावें. ती विचारील तें सांगा. आपली अक्षरओळख नसली तरी हरकत नाहीं. तिच्या वहींतलें अर्धें धन आपल्या तोंडीं आहे.

वही पुरी झाली म्हणजे ती प्रथम घरीं वाचा, मग शाळेंत द्या. गुण कितीही पडोत, आपल्या घरचें कांहीं कागदावर आलें, हें थोडें नाहीं. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.