घाटांतील गाडीचें ओझें

मुंबईहून पुण्यास निघालेली गाडी कर्जतला थांबली कीं बहुतेक उतारूंचें लक्ष बटाटेवड्यांकडे जातें. त्याच वेळीं गाडीच्या शेपटाशीं दोन-तीन इंजिनें येऊन भिडतात, तिकडे फारसें कोणी पाहत नाहीं. हीं इंजिनें पुढें न लावतां मागें कां लावतात, हा प्रश्न आज घेऊं. कारण यंत्राची झीज केवळ ओझ्यावर नव्हे, तर तें ओझें कसें जोडलें आहे यावरही अवलंबून असते.

1863 सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचा सर्वांत कठीण चढ 37 फुटांस 1 फूट असा आहे. म्हणजे 740 टनांची गाडी घेतली तर केवळ चढामुळेंच 20 टनांचा जोर तिला मागें खेंचतो. सगळीं इंजिनें पुढें लावलीं तर हा सारा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येईल. तें तुटलें तर मागचे डबे थेट पळसदरीकडे धांवूं लागतील! मागून रेटा मिळाला कीं ताण वांटला जातो, आणि कपलिंग सुटलेंच तर डब्यांच्या पाठीशीं इंजिनें उभीं असतात.

पण रेटाही बेताचाच हवा. तो फार झाला तर वळणावर डबे बाहेरच्या रुळावर चढूं पाहतात व चाकांच्या कडा घासून पातळ होतात. रिकामा, हलका डबा मागच्या इंजिनाजवळ आला तर धोका अधिक. शिवाय गाडींत एक जागा अशी असते कीं जेथें कपलिंगवर ताणही नसतो आणि दाबही नसतो. पुढच्या-मागच्या चालकांचा मेळ चुकला कीं ती जागा सरकते आणि जोडांना हिसके बसतात. शिट्यांच्या ठराविक खुणा त्यासाठींच.

आतां चाकांकडे वळूं. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या वजनाच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतकें ओढूं शकतें. आषाढांतल्या पावसांत तेवढेंही नाहीं. त्याहून अधिक मागितलें तर चाक जागच्या जागीं फिरतें आणि रुळाला भाजून खळगा पाडतें. म्हणून रुळावर वाळू सोडतात. चाक धरतें खरें, पण तीच वाळू चाकाला कुरतडते!

उतरतांना सारा भार ब्रेकवर. 1869 च्या जानेवारींत उतरती गाडी न आवरल्यामुळें घाटांतील उलटफेरीच्या स्थानकावर मोठा अपघात झाला होता. आजही उतरणाऱ्या गाडीला ठराविक ठिकाणीं थांबावेंच लागतें. न थांबल्यास ती चढाच्या आडमार्गावर जाते. विजेच्या ज्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत, तीं उतारावर मोटारीकडूनच वीज निर्माण करून तारेंत परत सोडीत. त्यामुळें ब्रेकचे ठोकळे वांचत. तीं इंजिनें आतां सेवेंतून गेलीं आहेत.

10 फेब्रुवारी 2023 रोजीं सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागचें इंजिन न घेतां हा घाट चढते. तिच्या निम्म्या आंसांना स्वतःच्या मोटारी आहेत. ओढणारें आणि ओढलें जाणारें असा भेदच तींत पुष्कळसा उरलेला नाहीं. मालगाड्यांना मात्र कर्जतला अजून मागच्या इंजिनांची वाट पाहावी लागते.