टाकीतलं विरजण



न्यूट पाळायचा आहे, टाकी केवढी घेऊ, असं आमच्या आटगावातली पोरं हल्ली विचारतात. माइनक्राफ्टच्या खेळात २०२१ साली अ‍ॅक्सोलॉटल आला आणि या शेपटीवाल्या उभयचरांचं वेड पार कसारा लाइनीपर्यंत पोचलं. टाकी केवढी, दगड कुठले, दिवा कोणत्या रंगाचा, सगळं विचारून होतं. पाण्याचं कोणी विचारत नाही. म्हणून आज मी पाण्यावरच बोलणार आहे, त्यातही फिल्टरमधल्या स्पंजावर. तो स्पंज नळाखाली धुऊ नका. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलात तरी चालेल.

न्यूट काय किंवा मासा काय, राहतो तिथेच घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळ आणि आतला जीव मरणपंथाला, असं खुशाल होतं. माशाचे कल्ले त्यानं पोळतात. न्यूट तर कातडीतूनही श्वास घेतो, त्याला पळायला जागाच नाही. फिल्टरच्या स्पंजावर वस्तीला येणारे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते त्या मानानं सोसतं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की भागतं.

हे जिवाणू म्हणजे टाकीचं विरजण समजा. दूध भांड्यात ओतलं म्हणजे दही झालं, असं कुठली गृहिणी मानते? विरजण लावायचं, झाकून ठेवायचं, सारखं ढवळायचं नाही. टाकी लागायला मात्र एक रात्र पुरत नाही, चार ते सहा आठवडे जातात. आपण काय करतो? कल्याणहून सकाळी टाकी आणतो, दुपारी पाणी भरतो आणि संध्याकाळी त्यात जीव सोडतो. घाई असेल तर ज्याची टाकी वर्षभर धडधाकट चालली आहे, त्याच्याकडून स्पंजाचा तुकडा मागून आणा. विरजण मागायला शेजारी जाताना आपण लाजतो का? फक्त ज्याच्याकडे मासे मरताहेत त्याचं घेऊ नका. नासक्या दह्याचं विरजण कोणी लावत नाही.

आणि मग दिवाळीची साफसफाई येते. टाकी रिकामी, दगड घासलेले, स्पंज नळाखाली पिळून पिळून पिवळाधमक. तिसऱ्या दिवशी मासे उलटे. मग दोष दुकानदाराला, नाहीतर कोणाच्या तरी नजरेला! अहो, ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती जंतू मारायलाच. तुमच्या स्पंजावरचे जिवाणू कामाचे आहेत, हे तिला कोण सांगणार? पावसाच्या सुरुवातीला तर नळाला तिचा वासच येतो. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा दाबून. तपकिरी, बुळबुळीत राहिला तर राहू दे. त्याला ओल्या मातीचा वास येत असेल, तर तो उत्तम चाललाय. नवीन पाणीही एक दिवस उघड्या टबात ठेवून मगच टाकीत घाला, क्लोरीन उडून जातो.

आता न्यूटचं. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ आहेत, न्यूट नाही. आपल्या देशातला न्यूट दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या डोंगरांतला. पावसाळ्यात तिथल्या तळ्यांत अंडी घालायला उतरतो. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी आणायचा विचारही नको. परदेशातून येणारे लाल पोटाचे चिनी-जपानी न्यूटही थंड पाण्याचेच. त्यांना वीस अंशांच्या आतबाहेरचं पाणी लागतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच चाळिशीला टेकते. टाकीवर पंखा लावला तर पाणी दोन-चार अंश उतरतं, पण पावसाळी दमट हवेत तोही उपाय फसतो. बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर पाणी गार-गरम, गार-गरम होत राहतं, ते आणखी वाईट. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि अमोनिया जास्त जहाल. म्हणून पोरांनो, रागावू नका, पण माझं मत स्पष्ट आहे: चिलरचा आणि त्याच्या विजेचा खर्च घरात झेपत नसेल तर आटगावात न्यूट नको. गप्पी मासे पाळा. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याचे लोक डबक्यांत सोडतात तेच. त्यांना आपला उन्हाळा चालतो. स्पंज मात्र त्यांच्या टाकीतलाही नळाखाली नको.

ज्यांनी न्यूट आणलाच आहे, त्यांनी तो कंटाळा आला म्हणून भातसात, तानसात किंवा ओढ्यात सोडू नये. या प्राण्यांबरोबर कातडीची बुरशी जगभर फिरते. युरोपात तिनं सॅलॅमँडरांचा फडशा पाडला, तेव्हा अमेरिकेनं २०१६ साली २०१ जातींची आयात थांबवली. टाकीचं पाणीसुद्धा ओढ्यात नको.

विजेचं सांगायलाच हवं, पावसाळ्यात आपल्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही. स्पंजावरच्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. फिल्टर बंद डब्याचा असेल आणि वीज काही तास आली नाही, तर स्पंज बाहेर काढून टाकीतच तरंगत ठेवा. वीज आल्यावर डब्यातलं कुबट पाणी आधी मोरीत ओता आणि मगच मोटर लावा, नाहीतर ती सगळी घाण एकदम टाकीत येते. त्या दिवशी खायलाही घालू नका. बोअरच्या जड पाण्याचं एक सांगायचं होतं, त्यात अमोनिया कसा... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात दाखवताहेत. ते पुढच्या खेपेला, बोलावलंत तर.