आधी माप, मग कात्री
(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मी कर्नलविषयी बोलणार आहे. लष्करातल्या कर्नलविषयी नव्हे! बदामाच्या कवचातल्या गरालाही इंग्रजीत कर्नल म्हणतात, आणि संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला तेच नाव पडले आहे. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला द्यायचा, मेमरी कोणाला किती द्यायची, हा सारा कारभार तो पाहतो.

लिनक्स नावाचा कर्नल १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. तेव्हा तो इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरपुरताच होता. आज अँड्रॉइड मोबाईलपासून महासंगणकापर्यंत तोच चालतो. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, कोणीही विनामूल्य घ्यावे, वाचावे, बदलावे.

एकच कर्नल इतक्या निरनिराळ्या यंत्रांवर कसा चालतो? शिंपी एकाच ताग्यातून अनेकांचे कपडे शिवतो, पण आधी माप घेतो. येथेही तसेच आहे. कर्नल बांधण्यापूर्वी प्रोसेसरची जात सांगावी लागते. मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की पडद्यावर प्रश्नांची यादी येते. प्रश्न हजारो असतात. बहुतेकांची उत्तरे तीनच : ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘मॉड्यूल’, म्हणजे वेगळे ठेवून गरजेला जोडायचे. ही उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ या फाईलमध्ये नोंदली जातात आणि त्यांबरहुकूम कर्नल तयार होतो.

रिस्क-व्ही या प्रोसेसर-रचनेचे उदाहरण घेऊ. ती २०१० साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात सुरू झाली आणि सर्वांना खुली आहे. तिचा पाया छोटा असतो. पुढचे भाग प्रोसेसर बनवणारा आपल्या गरजेप्रमाणे जोडतो. म्हणून पहिला प्रश्न, ३२ बिट की ६४? दुसरा, आखूड आज्ञा वापरायच्या का? नेहमीची आज्ञा ३२ बिटांची, आखूड १६ बिटांची. त्यामुळे जागा वाचते. पण प्रोसेसरला त्या समजत नसतील आणि आपण ‘हो’ म्हटले, तर कर्नल सुरूच होणार नाही. तिसरा, दशांश-अपूर्णांकांची गणिते करणाऱ्या भागाला आधार द्यायचा का? ‘नाही’ म्हटले, तर तो भाग प्रोसेसरात असूनही कोणत्याही प्रोग्रॅमला वापरता येत नाही.

आता कोणी म्हणेल, सगळ्याला ‘हो’ म्हणून मोकळे व्हावे! पण मग कर्नल फुगतो आणि छोट्या यंत्राच्या मेमरीत मावत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे येथेही खरे. उलट, ज्या डिस्कवर मॉड्यूल ठेवली आहेत, ती डिस्क वाचणारा भागच मॉड्यूल केला आणि आरंभी लागणारी फाईलींची छोटी शिदोरी सोबत दिली नाही, तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिली म्हणायची!

विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याची डॉट कॉन्फिग जशीच्या तशी उतरवणे म्हणजे गाईडमधले उत्तर पाठ करणे. प्रश्न बदलला की पंचाईत. प्रत्येक रचनेसाठी ‘डेफकॉन्फिग’ ही तयार उत्तरपत्रिका मिळते, तेथून आरंभ करा. एका वेळी एकच उत्तर बदला, बांधा, चालवून पाहा, आणि का बदलले ते वहीत लिहा.

पालकांनो, यासाठी महागडे यंत्र नको. घरच्या साध्या संगणकावर रिस्क-व्हीसाठी कर्नल बांधता येतो आणि ‘क्यूएमू’ या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये चालवून पाहता येतो. यंत्र जुने असेल तर वेळ लागेल, इतकेच. हे ज्ञान दूरदेशीचेही राहिलेले नाही. मद्रासच्या आय.आय.टी.ने ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर याच रचनेवर घडवले आहेत.

आपण मुलांना संगणकाच्या वर्गाला घालतो, प्रमाणपत्र आले की समाधान मानतो. प्रमाणपत्र जरूर मिळवावे. पण कळ दाबणारे हात पुष्कळ आहेत; कळ दाबल्यावर आत काय घडते हे जाणणारे थोडे. त्या थोड्यांत आपले मुलगे असावेत, आणि मुलीही असाव्यात. त्यांना प्रश्न समजून घेण्यापुरता वेळ द्या. समजून दिलेले ‘नाही’ हे न समजता दिलेल्या ‘हो’पेक्षा मोलाचे असते.