विजेनें हवा शुद्ध होईल काय?

मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेलें इंदिरानगर ही नाशिकची एक गजबजलेली वस्ती. एका अंगास वाहनांची अखंड रीघ, तर शहराच्या पश्चिम भागांत सातपूर व अंबड येथील कारखाने. २०१९ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हातीं घेतला, तेव्हां हवेचा दर्जा न राखूं शकलेल्या शहरांत नाशिकचीही गणना झाली. अशा ठिकाणच्या गृहस्थास विजेनें हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा मोह पडणें साहजिक आहे. त्या यंत्राकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाहीं, याची पारख मात्र आधीं करावयास हवी.

यांतील तत्त्व जुनें आहे. वर्नर फॉन सीमेन्स या जर्मन संशोधकानें १८५७ सालीं एकांत एक बसविलेल्या दोन कांचनळ्यांच्या फटींतून ऑक्सिजन सोडला, तींत विजेचें निःशब्द स्फुरण घडविलें, व ओझोन मिळविला. वीज कडाडल्यावर येणारा तीक्ष्ण वास तो याच वायूचा. अशा विद्युद्भारित वायूस आयर्व्हिंग लँगम्यूर यांनीं १९२८ सालीं ‘प्लाझ्मा’ हें नांव दिलें. अशा स्फुरणांत इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानें धांवतात. वायु मात्र फारसा तापत नाहीं. त्यांच्या आघातानें ऑक्सिजनचे व बाष्पाचे रेणू फुटतात, आणि ते तुकडे रंगांच्या व द्रावकांच्या वाफांवर तुटून पडतात.

परंतु एकट्या विजेचें काम अर्धवट राहतें. मागें ओझोन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें उरतात. एक विष जाऊन दुसरें येतें. म्हणून जोडीस उत्प्रेरक लागतो. मँगॅनीज डायऑक्साइडसारखा पदार्थ ओझोन फोडतो, आणि त्यांतून सुटलेल्या ऑक्सिजनकडून उरलेल्या वाफा आपल्या पृष्ठभागावर जाळवून घेतो.

ही जोडी शोभते ती कारखान्याच्या बंदिस्त नळींत. रंगकामाच्या खोलींतून निघणारी वाफ इतकी विरळ असते कीं ती इंधनानें जाळणें परवडत नाहीं. तेथें हा उपाय कामीं येतो. उघड्या चौकाचा हिशेब निराळा आहे. लिटरभर हवेस १०० ज्यूल ऊर्जा लागते असें धरलें, तर एक चौरस किलोमीटर वस्तीवरील १०० मीटर उंचीपर्यंतची हवा एकदां शुद्ध करण्यास सुमारें २८ लक्ष युनिट वीज पडेल. आणि मंद वारा सुटला तरी दहा मिनिटांच्या आंत तेथें नवी हवा येईल. ती वीज एकलहऱ्याच्या केंद्रांत कोळसा जाळून केली, तर इंदिरानगरचा धूर शहराच्या दुसऱ्या टोकास नेऊन ठेवल्यासारखेंच होईल.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें मुंबईच्या आय. आय. टी.च्या साह्यानें ‘वायु’ नांवाचें यंत्र सिद्ध केलें. २०१८ सालीं तें दिल्लीच्या चौकांत बसविण्यांत आलें. त्यांत गाळण्या, अतिनील किरण व टायटॅनियम डायऑक्साइडचा उत्प्रेरक यांची योजना होती. त्याचा आवाका, कर्त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, ५०० चौरस मीटरांचा होता.

रस्त्यावरील धुळीपुढें तर प्लाझ्मा हतबल आहे. धूळ जळत नाहीं. उलट ती उत्प्रेरकाचीं छिद्रें बुजविते. तिच्यासाठीं झाडलोट, पाण्याचा शिडकावा आणि बांधकामावर आच्छादन हेच उपाय.

घरासाठीं यंत्र घेतांना गृहस्थानें विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : यांतून ओझोन किती सुटतो? तो तीक्ष्ण वास पुष्कळांस ताजेपणाची खूण वाटतो. परंतु त्यानें घसा व फुप्फुसें चुरचुरतात, आणि दमेकऱ्यास तर विशेष अपाय होतो. विष जेथें उत्पन्न होतें तेथेंच, नळीच्या तोंडाशीं, तें अडविलें पाहिजे. एकदां तें वाऱ्यावर गेलें कीं वीज आणि पैसा दोन्ही त्याच्यामागें धांवतच राहतात.