चेहऱ्यापासून चार पावलं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘कुठला कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं नातेवाईक आणि मित्रमंडळी विचारत आली आहेत. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. पर्यंतचं. पण ईदला, लग्नाला, बारशाला गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतो म्हणून लोकांनी मला जाणकार ठरवून टाकलंय. मी त्यांना उलट प्रश्न करतो, ‘फोटो कुणाचे काढणार? कुठे काढणार? किती लांबून?’ या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कॅमेरा कुठला, हा मुद्दा आपोआप मागे पडतो आणि लेन्स कुठली, हा खरा मुद्दा पुढे येतो. कॅमेरा पाच-सहा वर्षांत जुना वाटू लागतो. चांगली लेन्स नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं साथ देते.

हा विषय नुसत्या हौसेचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. माझ्या आपाचं घर तळमजल्यावर. धान्य गेलं, गाद्या गेल्या, आणि लोखंडी कपाटातले फोटोंचे आल्बमही भिजले. पाणी ओसरल्यावर आम्ही भावंडं स्वच्छ पाण्याच्या बादलीत एकेक पान बुडवून, चिकटलेले फोटो हलक्या हातानं सोडवत बसलो होतो. सावलीत दोरी बांधून ते वाळत घातले. त्या दोरीसमोर कोण कुठे थांबतं, ते मी पाहत होतो. लग्नात ओळीनं उभे केलेले तीस-तीस जणांचे फोटो सगळ्यांनी भराभर ओलांडले. सगळे थांबले ते एकाच फोटोपाशी. नानी पाटावर बसून सुपात तांदूळ निवडतेय. हात दिसतात, बांगड्या दिसतात, सूप दिसतं. चेहरा मात्र अंधारात बुडालेला. खोलीत उजेड कमी होता आणि कॅमेऱ्याच्या लेन्सला तेवढ्या उजेडात पाहता येत नव्हतं. नानीचा चेहरा स्पष्ट दिसतो असा दुसरा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा. आणि त्यात ती आमची नानी वाटत नाही.

म्हणून मी म्हणतो, घरच्या माणसांचे फोटो काढायचे तर घरातल्या उजेडात, घरातल्या अंतरावरून काढता आले पाहिजेत. त्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. एक अंतर, दुसरी उजेड.

आधी अंतराचं पाहू. ‘या लेन्सनं नाक मोठं येतं’ असं आपण म्हणतो. खरं तर नाक मोठं करते ती जवळीक. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर साधारण १२ सेंटिमीटर धरा. हात लांब करून ४० सेंटिमीटरवरून मोबाइलनं स्वतःचा फोटो काढला, तर नाक ४० वर आणि कान ५२ वर. म्हणजे कानाच्या मानानं नाक तीस टक्के मोठं दिसणार. तेच दोन मीटरवरून काढलं, तर नाक २०० वर आणि कान २१२ वर. फरक फक्त सहा टक्क्यांचा. समोरासमोर बसून गप्पा मारताना आपण माणसाला साधारण दीड-दोन मीटरवरून पाहतो. आपल्या ओळखीचा चेहरा तो हाच. तेव्हा पहिला नियम असा : चेहऱ्यापासून चार पावलं मागे उभं राहायचं आणि तिथून चेहरा चौकटीत नीट भरेल अशी लेन्स निवडायची.

लेन्सवर मिलिमीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. आकडा लहान तितका देखावा रुंद. आकडा मोठा तितका देखावा अरुंद आणि वस्तू जवळ आल्यासारखी. पण हा आकडा एकटा वाचून चालत नाही. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होती. तेवढाच सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांचा सेन्सर त्याहून लहान असतो. निकॉन, सोनी, फुजी यांच्या अशा कॅमेऱ्यांत लेन्सचा आकडा दीडनं गुणायचा, कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ नं. म्हणजे ५० ची लेन्स तिथे ७५ किंवा ८० सारखं काम करते. चेहऱ्याच्या फोटोसाठी फुल फ्रेमवर ८५ ची लेन्स नावाजलेली आहे. तिचं काम लहान सेन्सरवर ही साधी ५० ची लेन्स जवळजवळ करून टाकते. कॅमेरा उभा धरून दोन मीटरवरून पाहिलं, तर डोक्यापासून कमरेपर्यंतचा माणूस चौकटीत बसतो.

आता उजेडाचं. लेन्सवर दुसराही एक आकडा असतो : एफ १.८, एफ ३.५, एफ ५.६ असा. लेन्सची खिडकी किती मोठी उघडते, त्याचं हे माप. गंमत अशी, की आकडा लहान तितकी खिडकी मोठी. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८ ते ५५ ची झूम लेन्स, जिला दुकानदार ‘किट लेन्स’ म्हणतात, ती ५५ वर नेली की तिची खिडकी ५.६ पर्यंतच उघडते. ५० ची एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. एकीला जिथे एक-पंधरांश सेकंद लागतो, तिथे दुसरीचं काम एक-दीडशांश सेकंदात होतं. एक-पंधरांश सेकंदात हात हलतो, मूल मान फिरवतं, फोटो पुसट येतो. एक-दीडशांश सेकंदात गप्पा मारत बसलेला माणूस सहसा स्वच्छ येतो. धावणाऱ्या मुलांसाठी मात्र एक-अडीचशांश किंवा त्याहून वेगानं काढलेलं बरं.

हा शोध आजचा नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफी जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्समधून इतका कमी उजेड आत येई, की माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. १८४० मध्ये व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी खास चेहऱ्यांसाठी लेन्सचं गणित मांडलं आणि फोइग्टलेंडर यांनी ती लेन्स घडवली. तिची खिडकी आजच्या मापानं एफ ३.६ च्या आसपास होती. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. माणसाच्या चेहऱ्याला थोडी मोकळीक मिळाली ती तेव्हापासून. आपण ५० ची लेन्स घेतो, तेव्हा हीच मोकळीक आणखी वाढवत असतो.

माझ्या अम्मीचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून फ्लॅशचा उजेड तिला सोसत नाही. फ्लॅश चमकला की ती डोळे मिटते आणि म्हणते, ‘पुरे झालं, आता तुझ्या पोरांचे काढ.’ तिच्यासाठी मी फ्लॅश बंद केला. दुपारी चारच्या सुमाराला ती खिडकीशी बसून पान लावते. उजेड एका बाजूनं येतो, पडद्यामुळे मऊ झालेला. मी चार पावलं मागे, ५० ची लेन्स, एफ २.८ वर. डोळ्यावर फोकस. कधी कधी अर्धा तास नुसतं बोलतच बसतो. ती माझ्या धाकट्या काकांच्या लबाड्या सांगताना हसते, तेव्हा एखादा फोटो. सुरकुत्यांसकट आणि पानानं रंगलेल्या ओठांसकट. तो पाहून आपा म्हणाली, ‘ही बोलतेय असं वाटतं.’ याहून मोठी दाद मला कवितेलाही मिळालेली नाही.

एक सूचना. एफ १.८ वर खिडकी सताड उघडली की मागचं सगळं धूसर होतं आणि ते छान दिसतं. पण दोन मीटरवरून ५० च्या लेन्सनं जेमतेम अर्धी वीत खोलीपुरतंच स्पष्ट येतं. आजी स्पष्ट आणि तिच्या खांद्यामागून डोकावणारी नात पुसट, असं होतं. एकटा माणूस असेल तर १.८ ते २.८, दोघं-तिघं असतील तर ४, आणि दोन रांगा असतील तर ५.६ ठेवा.

आता रोजच्या फोटोंचं. आपली घरं लहान. दहा बाय बाराच्या खोलीत सगळे एका भिंतीला टेकले आणि तुम्ही समोरच्या भिंतीला, तरी मधे तीनच मीटर उरतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तीन मीटरवरून ५० च्या लेन्समध्ये १.४ मीटर रुंदी मावते, म्हणजे तीन माणसं. ३५ च्या लेन्समध्ये दोन मीटर, चार माणसं. २४ मध्ये पावणेतीन-तीन मीटर, सहा माणसं. १८ मध्ये जवळजवळ चार मीटर, म्हणजे आठ माणसांची रांग. लेन्स घेण्यापूर्वी दुकानात जायच्या आधी घरची खोली टेपनं मोजा, असं मी सांगतो ते याचसाठी. स्वयंपाकघर, अंगण, शाळेला निघालेली मुलं, दस्तरखानावर बसलेली मंडळी, यासाठी लहान सेन्सरवर २४ ते ३५ आणि फुल फ्रेमवर ३५ ते ५० मधली एक लेन्स पुष्कळ झाली.

रुंद लेन्सचा एक दोष मात्र लक्षात ठेवा. चौकटीच्या कडेला असलेली माणसं ताणली जातात, जाड दिसतात. आणि आपल्याकडे कडेला कोण उभं राहतं? नुकतीच घरात आलेली सून, परक्यासारखा वागणारा जावई, किंवा पोरं सांभाळत उशिरा आलेली बहीण. पुढे वर्षानुवर्षं तिनं तो फोटो पाहून ‘मी चांगली येत नाही’ म्हणायचं. ती चांगलीच आहे, तिला कडेला उभं केलं गेलंय. तेव्हा माणसं एका लांब रांगेऐवजी दोन रांगांत बसवा, कडेला थोडी मोकळी जागा सोडा आणि जमेल तर अंगणात जाऊन आणखी दोन पावलं मागे सरा.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यांनाही हेच लागू. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ मिलिमीटरसारखा रुंद असतो. त्यानं चेहरा भरायला गेलात तर फार जवळ जावं लागतं. त्याऐवजी मागे सरा आणि दोनपट किंवा तीनपटीचं बटण दाबा. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर उत्तमच. नसेल तरी चेहऱ्याचं प्रमाण सुधारतं, कारण प्रमाण ठरवतं अंतर.

खरेदीविषयी चार गोष्टी. नवी लेन्स घेण्याआधी हातातल्या किट लेन्सनं काढलेले शे-दोनशे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. बहुतेक फोटो १८ ते २४ वर असतील तर तुमची गरज रुंद लेन्सची आहे, ५० च्या आसपास असतील तर ५० ची. दुसरं, लेन्स तुमच्या कॅमेऱ्याच्या तोंडाला बसते का ते पाहा. एकाच कंपनीतही जुनी आणि नवी तोंडं वेगळी असतात. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, त्यामुळे मोटर नसलेली जुनी लेन्स त्यावर बसते, पण फोकस हातानं करावा लागतो. तिसरं, मुंबईच्या बोरा बाजारात किंवा आपल्या गावात वापरलेली लेन्स घेताना तिच्यातून विजेरीचा झोत टाकून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत करा. चौथं, आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने लेन्स चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा.

झूम न होणारी लेन्स अडचणीची वाटते खरी. पण गझल लिहिणाऱ्याला काफिया-रदीफ आधी ठरवून घ्यावे लागतात आणि त्या बंधनातच त्याला नवं सुचतं, तसं या लेन्सचं आहे. ती फिरत नाही म्हणून तुम्हाला फिरावं लागतं. एक-दोन महिन्यांत कुठे उभं राहायचं ते पायांना कळू लागतं.

आणखी एक गोष्ट कुठल्याच लेन्सवर लिहिलेली नसते. घरातल्या काही बायकांना, काही वडीलधाऱ्यांना फोटो काढलेला आवडत नाही. त्यांना विचारा. नको म्हणाल्या तर हातांचा काढा, त्यांच्या सुपाचा, शिवणयंत्राचा काढा. हो म्हणाल्या, तर पुढचा रविवार वाया घालवू नका. फ्लॅश बंद करा, माणसाला खिडकीपाशी बसवा, चार पावलं मागे या आणि त्यांना बोलू द्या. मग जो फोटो जमेल, त्याच्या दोन प्रती कागदावर छापून घ्या. एक आपल्या घरी ठेवा आणि दुसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, तीही वरच्या मजल्यावर.