गोधडी शिकायची तर आत्ताच!

आजचा विषय आहे गोधडी. विकत घ्यायची नाही, हातानं शिवायची. आयुष्यात कधी सुई धरली नसेल तरी चालेल.

मी लोणी भापकरचा. बारामती म्हटलं की लोकांना ऊस दिसतो, पण आमचा पट्टा जिरायती. उन्हाळ्यात रानातलं काम कमी झालं की बायका दुपारी ओसरीवर गोधड्या शिवायला घ्यायच्या. गेल्या उन्हाळ्यापासून मी आजीकडून ते शिकतोय.

पहिलं म्हणजे, थेट मोठी गोधडी घेऊ नका. तान्ह्या बाळाचं दुपटं घ्या. अडीच फूट बाय तीन फूट, तीन-चार थर, बास. कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच हवं: लुगडं, धोतर, सुती साडी. वर आणि खाली धड कापड, फाटके तुकडे मधल्या थरात. पॉलिस्टर नको. ते शिवताना सरकतं आणि घामही टिपत नाही.

आता मांडणी. जमीन स्वच्छ पुसा, थर एकावर एक अंथरा, तळहातानं सुरकुत्या काढा आणि कोपऱ्यांवर वजन ठेवा. मग वीतवीतभर अंतरानं लांब कच्चे टाके घाला. कंटाळा आला तरी हे टाळू नका, नाहीतर थर आतल्या आत गोळा होतात. गोधडी पुरी झाली की हे टाके उसवून टाकायचे.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या. दोरा सुती, हातभरच. जास्त घेतला की गुंततो. गाठ थरांच्या मध्ये लपवा. टाका साधा धावदोऱ्याचा. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे, मग दोरा ओढायचा. आजी म्हणते, "लई आवळू नगं, चुण्या पडत्यात." कडेनं सुरुवात करून चौकोनात फिरत मध्यापर्यंत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर.

कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही त्यांची कवंदी कडेकडून आत अशीच शिवतात. बंगालच्या कांथ्यातही जुन्या साड्या आणि हाच धावदोरा.

ओळ वाकडी गेली तर जाऊ द्या. टाका नक्षीसाठी नसतो. विरलेलं कापड एकटं ताण सोसत नाही. टाके तो ताण सगळ्या थरांत वाटून देतात. म्हणून टाके जवळजवळ हवेत. एखादा तुटला तरी शेजारची ओळ कापड धरून ठेवते.

आता 'आत्ताच' का म्हणतोय, ते सांगतो. आजीला हल्ली सुई ओवता येत नाही, दिसत नाही. हात मात्र सराईत चालतो. म्हणून मी सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो, मग दुपारी आम्ही दोघं बसतो. तिच्या ट्रंकेत सुती लुगडी चारच उरलीत. आईच्या कपाटात बहुतेक सिंथेटिक साड्या. म्हणजे कापड संपतंय आणि शिकवणारे हातही थकतायत. व्हिडिओत टाका दिसतो, पण दोरा किती ओढायचा ते शेजारी बसल्यावरच कळतं.

तर या सुट्टीत गावी गेलात की ट्रंक उघडायला सांगा. आधी विचारा मात्र, कुठलं लुगडं कापायचं आणि कुठलं नाही. काही लुगड्यांना कात्री लावायची नसते!

पहिलं दुपटं झालं की फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.